वैद्यकीय लेखातले संदर्भ कसे वाचावेत? रुग्ण आणि नातेवाइकांसाठी माहिती

वैद्यकीय लेखात किंवा औषधाच्या माहितीपत्रकात वाक्याच्या शेवटी एक बारीक आकडा दिसतो, ओळीच्या जरा वर उचललेला किंवा कंसात घातलेला. लेखाच्या शेवटी त्याच आकड्यापुढे नावे, टिंबे, अर्धविराम आणि आणखी काही आकडे यांची एक ओळ असते. या ओळीला संदर्भ किंवा रेफरन्स म्हणतात. बहुतेक वाचक ती ओळ वाचत नाहीत. आकडा दिसला म्हणजे विधान सिद्ध झालेले असणार, असे आपण धरून चालतो.

प्रत्यक्षात संदर्भ हा पुराव्याचा फक्त पत्ता असतो. त्या पत्त्यावर खरोखर काय आहे, हे ढोबळमानाने पाहायला वैद्यकीय पदवी लागत नाही. पत्ता कसा लिहितात एवढे माहीत असले की पुरते. हल्ली मधुमेह ‘मुळापासून’ बरा करणाऱ्या पावडरीच्या जाहिरातीखालीही पाच-सहा संदर्भ असतात, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशात असतात आणि मोबाइलवरच्या एआयला प्रश्न विचारला तर तोही उत्तराखाली संदर्भ जोडून देतो. त्यांवर विसंबून कोणी रक्तदाबाची गोळी बंद करते, कोणी केमोथेरपीची पुढची तारीख चुकवते. म्हणून ही ओळ वाचता येणे रुग्णाच्या घरातल्या एका तरी माणसाला जमायला हवे.

ही पद्धत आली कुठून?

टाइपरायटरच्या काळात प्रत्येक वैद्यकीय नियतकालिकाची संदर्भ लिहिण्याची तऱ्हा वेगळी होती. एका नियतकालिकाने लेख नाकारला की दुसरीकडे पाठवण्यापूर्वी तो नव्या नियमांनुसार पुन्हा टाइप करावा लागे. जानेवारी १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात भेटले आणि त्यांनी सर्वांसाठी एकसारखे नियम ठरवायला घेतले. १९७९ मध्ये ते नियम प्रसिद्ध झाले. संदर्भांचा साचा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने तयार केला होता. या पद्धतीला आजही ‘व्हँकुव्हर पद्धत’ म्हणतात, आणि संपादकांच्या त्या गटातून पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातून निघणाऱ्या जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिनपासून लंडनच्या लॅन्सेटपर्यंत बहुतेक वैद्यकीय नियतकालिके थोड्याफार फरकाने हाच साचा वापरतात. म्हणून एकदा तो समजला की सगळीकडे चालतो. लेखात जो स्रोत पहिल्यांदा येतो त्याला १ क्रमांक, त्यानंतरच्याला २, असे हे आकडे चालतात. तोच स्रोत पुन्हा आला तर जुनाच आकडा पुन्हा येतो. त्यामुळे एखाद्या लेखात २, २, २ असे जागोजागी दिसले तर सगळा डोलारा एकाच अभ्यासावर उभा आहे, हे पान न उलटताही कळते.

एक ओळ सोडवून पाहू

उदाहरण आपल्या जवळचेच घेऊ. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेले काम जगभर उद्धृत होते. त्यांच्या एका शोधनिबंधाचा संदर्भ मराठी अक्षरांत लिहिला तर साधारण असा दिसेल:

बावस्कर एचएस, बावस्कर पीएच. लाल विंचवाच्या दंशावर प्रतिविष अधिक प्राझोसिन आणि नुसते प्राझोसिन यांच्या परिणामकारकतेची व सुरक्षिततेची तुलना: रँडमाइज्ड ओपन लेबल क्लिनिकल ट्रायल. बीएमजे. २०११;३४२:सी७१३६.

सुरुवातीला लेखकांची नावे. आडनाव आधी, मग आद्याक्षरे, मध्ये टिंब नाही. लेखक सहापेक्षा जास्त असतील तर पहिली सहा नावे देऊन पुढे ‘एट अल.’ लिहितात. ही लॅटिनमधली ‘आणि इतर’ आहे. काही नियतकालिके तीन नावांवरच थांबतात.

मग शीर्षक. घाईत असाल तर ओळीतला एवढाच भाग नीट वाचा, कारण अभ्यास कोणत्या जातीचा आहे हे अनेकदा इथेच लिहिलेले असते. वरच्या शीर्षकात विसर्गचिन्हानंतर ‘रँडमाइज्ड ट्रायल’ आहे. म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरांनी आपल्या मनाने न ठरवता चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने ठरवले. ‘ओपन लेबल’ म्हणजे कोणाला काय दिले आहे हे झाकून ठेवले नव्हते. शीर्षकात ‘केस रिपोर्ट’ असेल तर ती एका किंवा मोजक्या रुग्णांची हकिकत असते. ‘रिव्ह्यू’ म्हणजे आधीच्या अभ्यासांचा आढावा. ‘इन व्हिट्रो’ म्हणजे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी. ‘रॅट्स’, ‘माइस’ किंवा ‘म्युराइन’ असेल तर उंदीर. हळदीपासून शेवग्यापर्यंत अनेक गोष्टींनी ‘कर्करोग बरा होतो’ असे सांगणाऱ्या संदेशांखालची शीर्षके वाचून पाहा, उंदीर आणि काचेच्या बश्या तिथे वारंवार भेटतील. त्या अभ्यासांत वाईट काही नाही. ते माणसांवर झालेले नाहीत, एवढेच.

शीर्षकानंतर नियतकालिकाचे नाव, बहुधा संक्षिप्त रूपात. शेवटी आकड्यांची साखळी: वर्ष, अर्धविराम, खंड, कंसात असल्यास अंक, विसर्गचिन्ह आणि पाने. पानांमध्ये एक खाचखळगा आहे. ६३७-४१ असे लिहिले असेल तर ते ६३७ ते ६४१ असे वाचायचे. पुन्हा येणारा शतकाचा आकडा गाळण्याची रीत आहे. आणि ‘सी७१३६’ सारखे अक्षर असलेले काही दिसले तर तो इंटरनेटवरच्या लेखाचा क्रमांक, कारण अशा लेखांना छापील पान नसते.

आता पत्त्यावर जाऊ. हा निबंध उघडला की दिसते: रुग्ण ७०, सगळे महाडच्या रुग्णालयात दाखल झालेले, लाल विंचवाच्या विषबाधेच्या दुसऱ्या श्रेणीतले. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२, तर नुसते प्राझोसिन मिळालेल्या गटात ३५ पैकी ८. फरक मोठा आहे. पण उद्या कोणी या संदर्भाचा आकडा टाकून ‘कोणताही विंचू चावला तरी प्रतिविष घ्यावेच’ असे लिहिले, तर पत्ता खरा आणि विधान त्या पत्त्यावर न सापडणारे, अशी स्थिती होईल. लेखकांनी जे म्हटलेले नाही त्याखाली त्यांचे नाव लागेल.

एका पानाचे पत्र

असे प्रत्यक्षात घडले आहे, आणि त्याची किंमत फार मोठी होती. संदर्भ आहे:

पोर्टर जे, जिक एच. अंमली वेदनाशामकांचे उपचार घेणाऱ्या रुग्णांत व्यसन विरळ. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन. १९८०;३०२(२):१२३.

ओळीचा शेवट पाहा. पाने ‘१२३-९’ अशी नाहीत. फक्त १२३. एकच पान, आणि त्या पानावरही इतर मजकूर होता. हा शोधनिबंध नव्हताच. ते संपादकांना पाठवलेले पाच वाक्यांचे पत्र होते. त्यात म्हटले होते की रुग्णालयात दाखल असलेल्या ३९,९४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यांपैकी ११,८८२ जणांना निदान एकदा अफूवर्गीय वेदनाशामक दिले गेले होते, आणि पूर्वी व्यसन नसलेल्यांत व्यसनाची नीट नोंद झालेली प्रकरणे फक्त चार सापडली. हे औषध त्यांना किती दिवस दिले, घरी गेल्यावर त्यांचे काय झाले, यांतले काहीही पत्रात नव्हते. पत्र लिहिणाऱ्यांनी तसा दावाही केला नव्हता.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन ही दीर्घकाळ परिणाम करणारी अफूवर्गीय गोळी आली. पाठदुखी, सांधेदुखी यांसाठी महिनोन्‌महिने घरी घ्यायची औषधे म्हणून अशा गोळ्या लिहून दिल्या जाऊ लागल्या आणि ‘व्यसन लागत नाही’ या वाक्याखाली १९८० च्या पत्राचा आकडा पडू लागला. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्याच नियतकालिकात हिशेब मांडला. पत्राचा संदर्भ ६०८ वेळा दिला गेला होता. त्यांपैकी ४३९ ठिकाणी व्यसन विरळ असल्याचा पुरावा म्हणून. आणि ४९१ ठिकाणी, हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही साधी गोष्टसुद्धा सांगितलेली नव्हती. गोळ्यांच्या व्यसनाने तोवर अमेरिकेत असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली होती. आता नियतकालिकाने त्या पत्रावर वाचकांना सावध करणारी टीप जोडली आहे.

ज्यांनी संदर्भ दिला त्यांतल्या किती जणांनी पान १२३ उघडले असेल? मला वाटते, फार थोड्यांनी. वैद्यकात आधीच्या लेखाच्या यादीतला संदर्भ उचलून आपल्या यादीत ठेवण्याची वाईट सवय जुनी आहे. संदर्भ आणि मूळ मजकूर ताडून पाहणाऱ्या आढाव्यांमध्ये दर चार ते सहा संदर्भांमागे एकात काही ना काही विसंगती आढळली आहे. सगळ्या गंभीर नसतात, पण काहींमध्ये मूळ लेख ते विधान करतच नाही.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. ही हकिकत वाचून घरातल्या कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन द्यायला नकार देऊ नका. आपल्याकडचा प्रश्न बराचसा उलटा आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन मिळवणे इतके किचकट झाले की असह्य वेदना असणाऱ्यांपर्यंतही ते पोहोचेना, आणि म्हणून २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन आणि पाठदुखीसाठी वर्षभर घरी घेतलेल्या गोळ्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पत्ता खरा, पण लेख मागे घेतलेला

काही लेखांत नंतर गंभीर चुका किंवा लबाडी सापडते आणि नियतकालिक ते अधिकृतपणे मागे घेते. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा वेकफिल्ड यांचा लेख लॅन्सेटमध्ये १९९८ साली आला (खंड ३५१, पाने ६३७-४१). त्यात फक्त बारा मुले होती. लॅन्सेटने तो मागे घेतला २०१० मध्ये, बारा वर्षांनी. दरम्यान ब्रिटनमध्ये लसीकरण घसरले आणि गोवर परतला. या उलट, कोविडच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक लेख लॅन्सेटने २२ मे २०२० ला छापला आणि मूळ माहितीची खातरजमा होऊ शकत नाही म्हणून ४ जूनला तो मागे घेतला गेला.

अडचण अशी की लेख मागे घेतला तरी त्याचा संदर्भ दिसायला पूर्वीसारखाच राहतो. तीच नावे, तोच खंड, तीच पाने. वेकफिल्डचा संदर्भ अजूनही लसविरोधी संदेशांखाली फिरतो आणि वाचणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही. मागे घेतलेला लेख आधार म्हणून वापरला जात नाही ना, हे तपासणे लेखकाचे काम आहे, असे संपादकांच्या समितीचे नियम सांगतात. व्हॉट्सॲपवर लिहिणाऱ्याला हे नियम लागू नाहीत, म्हणून तिथे ते काम वाचणाऱ्याकडे येते.

जिथे पत्ताच नसतो

औषध कंपन्यांच्या माहितीपत्रकांत कधी कधी संदर्भाच्या जागी ‘डेटा ऑन फाइल’ असे लिहिलेले असते. अर्थ असा की माहिती कंपनीकडे आहे, तुम्ही ती पाहू शकत नाही. ती खोटीच असते असे नाही, पण तपासता न येणाऱ्या गोष्टीला आधार म्हणून मोजू नये. एखाद्या परिषदेत वाचलेल्या निबंधाचा नुसता गोषवारा संदर्भ म्हणून दिलेला असतो, त्याचेही वजन कमीच.

एआयने दिलेल्या संदर्भांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथे साचा अगदी अचूक असतो. आडनाव, आद्याक्षरे, नामांकित नियतकालिक, वर्ष, खंड, पाने, सगळे जागच्या जागी. आणि कधी कधी तसा लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. नावे खऱ्या डॉक्टरांची असू शकतात, त्यामुळे फसगत सोपी होते. साचा नीट आहे म्हणून मजकूर खरा, असा अंदाज पूर्वी थोडाफार चालायचा, कारण साचा नीट बसवायला मेहनत लागे. आता ती मेहनत यंत्र एका क्षणात करते. एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून पाहिल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वतः कसे तपासावे?

यासाठी पबमेड ही अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची विनामूल्य सूची पुरेशी आहे. लेखाचे पूर्ण इंग्रजी शीर्षक तिथे शोधा. संदर्भाच्या शेवटी ‘पीएमआयडी’ आणि एक क्रमांक असेल तर नुसता तो क्रमांक टाकला तरी चालते. ‘डीओआय’ हा दुसरा क्रमांक नेहमी दहा आणि टिंबाने सुरू होतो. तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकला की थेट मूळ लेखाकडे नेतो. क्रमांक टाकल्यावर काहीच आले नाही किंवा भलत्याच विषयावरचा लेख उघडला, तर संदर्भ चुकीचा तरी आहे किंवा बनावट तरी. लिहिताना आकडा चुकलेला असू शकतो, म्हणून शीर्षकाने एकदा पुन्हा शोधा. तरीही मिळाला नाही तर ते विधान बाजूला ठेवा. जुने काही लेख आणि अनेक प्रादेशिक नियतकालिके पबमेडवर नसतात हे खरे, पण मग ‘मूळ लेख दाखवा’ असे सांगणाऱ्याला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

लेख सापडला की आधी वरच्या बाजूला तो मागे घेतल्याची सूचना आहे का ते पाहा. पबमेड ती ठळकपणे दाखवते. मग गोषवारा वाचा. इंग्रजी अवघड वाटत असेल तरी तीन गोष्टी बहुधा सापडतात: अभ्यास माणसांवर होता का, किती जणांवर होता, आणि ते लोक तुमच्या रुग्णासारखे होते का. तुमची आई ७८ वर्षांची, मूत्रपिंडे कमकुवत, आणि अभ्यास चाळिशीतल्या धडधाकट माणसांवरचा असेल तर निष्कर्ष खरा असूनही तिला लागू होईलच असे नाही. पबमेडवर असणे ही गुणवत्तेची मोहोर नाही, हेही लक्षात असू द्या. सुमार अभ्यासही तिथे नोंदलेले असतात.

पूर्ण लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, असे बऱ्याचदा होते. पबमेडच्या पानावर ‘पीएमसी’ची खूण असेल तर तो मोफत वाचता येतो. नसेल तर गोषवाऱ्याजवळ पत्रव्यवहारासाठी लेखकाचा ईमेल दिलेला असतो का पाहा. नम्रपणे मागितल्यास अनेक संशोधक प्रत पाठवतात.

डॉक्टरांकडे जाताना

‘नेटवर वाचले’ असे सांगितले की बोलणे पुढे जात नाही, कारण काय वाचले ते डॉक्टरांना कळत नाही. त्याऐवजी पीएमआयडी किंवा लेखाच्या पहिल्या पानाचा फोटो न्या, आणि प्रश्न एकच ठेवा: “हा अभ्यास आमच्या पेशंटला लागू होतो का?” दहा लेखांचा गठ्ठा नेऊ नका, ओपीडीत तो कोणालाच वाचता येणार नाही. तपासून झालेला, तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला एक पुरे. डॉक्टरांनी एखाद्या महागड्या औषधासाठी किंवा तपासणीसाठी अभ्यासाचा दाखला दिला तर त्याचा पीएमआयडी कागदावर लिहून मागायलाही हरकत नाही.

आणि उत्तर मिळेपर्यंत चालू औषध चालूच ठेवा. रक्तदाब, मधुमेह, फिट्स, थायरॉइड, रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि स्टेरॉइड यांच्या बाबतीत तर विशेष, कारण यांतली काही अचानक बंद केल्याचा त्रास अवघ्या काही दिवसांत दिसू शकतो.